इन-स्टेट फी स्वस्त, मग बिल एवढं का?

अमेरिकेतल्या सरकारी विद्यापीठाला किती पैसे पडतात, असं विचारलं की दोन आकडे ऐकू येतात, आणि दोन्ही खरे असतात. एसएटी परीक्षा घेणाऱ्या कॉलेज बोर्डाच्या २०२४-२५ च्या पाहणीनुसार, स्वतःच्या राज्यातल्या चार वर्षांच्या सरकारी विद्यापीठात ट्युशन (म्हणजे शिकवण्याची फी) आणि शुल्क मिळून वर्षाला सरासरी ११,६१० डॉलर लागतात. तोच विद्यार्थी कॅम्पसवर राहिला, तर त्याचा वर्षाचा एकूण खर्च सरासरी २९,९१० डॉलर होतो. मुलगी अकरावीत गेली की न्यू जर्सीतल्या एडिसनमधले किंवा कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँटमधले आईबाबा पहिला आकडा डोक्यात धरून हिशेब मांडतात. बिल येतं ते दुसऱ्या आकड्याचं. कार्यालयाचं भाडं म्हणजे लग्नाचा खर्च नव्हे, हे आपल्याला कुणी शिकवावं लागत नाही. कॉलेजच्या बाबतीत मात्र भलेभले हिशेबी लोक भाड्यावरच थांबतात.

आपल्या राज्यातल्या मुलांना फी कमी, ही ‘इन-स्टेट’ सवलत मुळात कुठून आली? १८६२ च्या मॉरिल कायद्याने केंद्र सरकारने राज्यांना जमिनी दिल्या आणि त्या विकून शेती आणि यंत्रविद्या शिकवणारी कॉलेजं काढा असं सांगितलं. पर्ड्यू, इलिनॉय, टेक्सस ए अँड एम ही त्याच धाग्यातली नावं. पुढे राज्यांनी आपल्या करातून या विद्यापीठांना दरवर्षी पैसा दिला, म्हणून करदात्यांच्या मुलांना फी कमी. कॅलिफोर्नियाने तर १९६० च्या आपल्या शिक्षण आराखड्यात रहिवाशांना ट्युशनच नको असं तत्त्व मांडलं होतं. ते तत्त्व दहा वर्षांत ढिलं पडलं. २००८ च्या मंदीनंतर देशभरातल्या राज्यांनी विद्यापीठांना द्यायचा हात आखडता घेतला आणि तो खड्डा फी वाढवून भरला गेला.

यातली मेख अशी, की राज्याचा पैसा शिकवण्यासाठी येतो. डॉर्म (वसतिगृह) आणि मेस साधारणपणे आपल्या कमाईवर चालतात. त्यामुळे ‘इन-स्टेट’ ही सूट फक्त ट्युशनवर मिळते. एकाच खोलीत एक मुलगा कॅलिफोर्नियातल्या फ्रेस्नोचा आणि दुसरा नेवाडाचा असेल, तर ट्युशनमध्ये दोघांत जमीन-अस्मानाचा फरक (युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियात नव्याने येणाऱ्या परराज्यातल्या विद्यार्थ्याला वर्षाला ३७ हजार डॉलरहून जास्त वरचा आकार द्यावा लागतो), पण कॉटचं भाडं दोघांना सारखंच. सरासरी बजेटमध्ये राहण्या-जेवणाचे १३,३१० डॉलर धरलेले आहेत, म्हणजे ट्युशनपेक्षा जास्त. उरलेले जवळपास पाच हजार पुस्तकं, प्रवास आणि वरखर्चाचे. भारतात येण्या-जाण्याचं तिकीट त्यात नाही, हे सांगायला नकोच.

राज्याराज्यांत ट्युशनमध्ये प्रचंड तफावत आहे, तेव्हा सरासरीवर फार विसंबू नये. युनिव्हर्सिटी ऑफ फ्लोरिडात ट्युशन-शुल्क साडेसहा हजार डॉलरच्या आत आहे. पर्ड्यूने २०१२-१३ पासून इंडियानाच्या मुलांची फी १० हजारांखाली गोठवून ठेवली आहे. तिकडे न्यू जर्सीतल्या रटगर्सला १७ हजारांच्या पुढे जावं लागतं. शिवाय एकाच विद्यापीठात सगळ्या शाखांना एक भाव नसतो. आपली बहुतेक मुलं ज्या कॉम्प्युटर सायन्स, इंजिनीअरिंग, बिझनेसकडे धावतात, तिथेच फी वरची असते. इलिनॉयच्या अर्बाना-शँपेनमध्ये इंजिनीअरिंगचा फरक वर्षाला पाच हजार डॉलरच्या आसपास जातो. वेबसाइटवर ठळक अक्षरात असलेला आकडा बहुतेकदा मूळ दराचा असतो. आपल्या मुलाच्या शाखेचा दर दोन-तीन क्लिक आत लपलेला सापडतो. इलिनॉयमध्ये एक बरं आहे: तिथल्या कायद्यामुळे प्रवेशाच्या वर्षीचा ट्युशन दर राज्यातल्या मुलांना चार वर्षं बांधून मिळतो. युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियानेही २०२२ पासून प्रत्येक नव्या तुकडीला दर कायम ठेवण्याची पद्धत आणली. जिथे अशी हमी नाही, तिथे दरवर्षी थोडी वाढ गृहीत धरूनच चालावं.

आता राहण्या-जेवणाकडे जरा थांबून बघू, कारण खरा पैसा इथेच जातो आणि इथेच थोडा वाचवताही येतो. कित्येक विद्यापीठं पहिल्या वर्षी डॉर्ममध्ये राहायची सक्ती करतात आणि डॉर्म घेतली की मील प्लॅन गळ्यात पडतोच. मुलगा शुद्ध शाकाहारी असो की दिवसाला एकदाच जेवणारा असो, प्लॅनची किंमत तीच. न वापरलेली जेवणं बऱ्याच ठिकाणी सेमिस्टर संपलं की बुडतात. डॉर्मच्या खोलीत शेगडी चालत नाही, त्यामुळे ‘पोहे करून खाईन’ हा बेत पहिल्याच आठवड्यात बारगळतो. थँक्सगिव्हिंगला आणि नाताळात काही डॉर्म बंद होतात, त्या दिवसांची सोय वेगळी करावी लागते.

दुसऱ्या वर्षी मुलं बाहेर अपार्टमेंट घेतात. भाडं महिन्याला कमी दिसतं, पण करार बहुधा बारा महिन्यांचा असतो आणि कॉलेज नऊ महिन्यांचं. विद्यापीठ जे बजेट छापतं, ते नऊ महिन्यांचंच. उन्हाळ्यात मूल घरी आलं किंवा इंटर्नशिपला सिअ‍ॅटलला गेलं, तरी ऑस्टिनमधल्या खोलीचं भाडं चालूच. मग तीन महिन्यांपुरता कुणीतरी भाडेकरू शोधायचा, तोही निम्म्या भाड्याला मिळाला तर नशीब. घरमालक पालकांची सही मागतो, आगाऊ अनामत मागतो. आर्थिक मदत देताना या तीन महिन्यांचा विचार कुणी करत नाही.

घरी राहून शिकणं हा सगळ्यांत मोठा खर्च वाचवणारा मार्ग आहे. एडिसनहून रटगर्सचं न्यू ब्रन्सविक फार लांब नाही. ‘घरी राहिलं की कॉलेज-लाइफ मिळत नाही’ असं मुलं म्हणतात, आणि ते काही अगदीच खोटं नाही. पण त्या लाइफची किंमत वर्षाला दहा हजार डॉलरच्या आगेमागे आहे, एवढं तरी त्यांच्यासमोर कागदावर मांडावं आणि मग ठरवू द्यावं. गाडीचा विमा, पार्किंगचा परवाना, पेट्रोल हे त्यातून वजा करायला विसरू नये.

आणि एक ओळ, जी फार थोडे पालक पहिल्या बिलात वाचतात: आरोग्य विमा. अनेक विद्यापीठं विद्यार्थ्याला आपला विमा आपोआप लावतात आणि वर्षाचा हप्ता सहज काही हजार डॉलर असतो. मूल २६ वर्षांचं होईपर्यंत आईवडिलांच्या पॉलिसीत राहू शकतं. त्या पॉलिसीचा पुरावा देऊन ‘वेव्हर’ (विद्यापीठाचा विमा नको असा अर्ज) भरला की ही ओळ बिलातून जाते. फक्त वेव्हरला मुदत असते, आणि ती मुदत नेमकी डॉर्ममध्ये सामान लावायच्या धांदलीत येते. मुदत चुकली की बऱ्याच ठिकाणी पैसे भरण्यावाचून गत्यंतर नाही.

इथवर छापील किमतीचं झालं. प्रत्यक्षात सगळेच छापील किंमत भरत नाहीत. कॉलेज बोर्डाच्याच अंदाजानुसार, सगळी अनुदानं वजा केली तर २०२४-२५ मध्ये सरकारी विद्यापीठात नव्याने शिरलेल्या इन-स्टेट विद्यार्थ्याने ट्युशनपोटी सरासरी फक्त २,४८० डॉलर भरले. राहणं-जेवण, पुस्तकं, प्रवास आणि वरखर्च धरून २०,७८०. हा आकडा ऐकून पुष्कळांना हायसं वाटतं. पण सरासरी अशी बनते, की कमी उत्पन्नाच्या घरातली असंख्य मुलं ट्युशन शून्य भरतात आणि वरच्या घरातली पूर्ण भरतात. मधले २,४८० भरणारं घर शोधूनही सापडायचं नाही.

तुमचं घर कुठल्या टोकाला, हे ठरवतो फाफ्सा नावाचा केंद्र सरकारचा अर्ज. उत्पन्न आणि मालमत्ता घेऊन त्यातून एक निर्देशांक निघतो; त्याला एसएआय म्हणतात. एकूण खर्चातून तो वजा केला की उरते ती तुमची ‘गरज’. नवराबायको दोघंही आयटीत असतील आणि मिळून दोन लाख डॉलर कमावत असतील, तर चार माणसांच्या घराचा हा निर्देशांक बहुधा इन-स्टेट विद्यापीठाच्या एकूण खर्चाच्याही वर जातो. म्हणजे गरज शून्य. घराचा हप्ता, डेकेअर, भारतातल्या आईवडिलांना पाठवायचे पैसे हे त्या सूत्राला दिसत नाहीत. पूर्वी दोन मुलं एकाच वेळी कॉलेजात असली की निर्देशांक विभागला जायचा. २०२४-२५ पासून तीही सोय गेली. माझं स्पष्ट मत असं, की अमेरिकेतल्या बहुतेक मराठी दोन-पगारी घरांनी २,४८० हा आकडा विसरावा आणि २९,९१० च्या जवळपासच्या, म्हणजे आपल्या विद्यापीठाच्या पूर्ण बजेटवर बेत करावा. पगार एकच असेल, किंवा नुकतीच नोकरी गेली असेल, तर चित्र अगदी वेगळं. कमी उत्पन्नाच्या घरांसाठी असलेली केंद्राची पेल ग्रँट २०२५-२६ मध्ये वर्षाला ७,३९५ डॉलरपर्यंत मिळते आणि ती परत करायची नसते. टेक्सस विद्यापीठ समूहाने २०२५ च्या सत्रापासून एक लाख डॉलरपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतल्या पात्र मुलांना ट्युशन माफ केली आहे. ‘आपल्याला काही मिळणार नाही’ असं म्हणून अर्जच न भरणारी घरं इथे हकनाक मार खातात.

मालमत्तेबद्दल तीन गोष्टी पक्क्या लक्षात ठेवाव्यात. राहतं घर आणि ४०१ के सारखी निवृत्तीची खाती फाफ्सात मोजली जात नाहीत. मुलाच्या स्वतःच्या नावावरचा पैसा २० टक्के दराने मोजला जातो, आईवडिलांचा जास्तीत जास्त ५.६४ टक्क्यांनी. तेव्हा वाढदिवसाचे पैसे मुलाच्या नावावर साठवण्याची हौस महागात पडू शकते. आणि पुण्यातला तो दुसरा फ्लॅट? राहतं घर सोडून बाकी स्थावर मालमत्ता गुंतवणूक म्हणून दाखवावी लागते, मग ती बाणेरला असो की बोस्टनला.

गरज न बघता गुणांवर मिळणारा पैसाही असतो. जॉर्जियात १९९३ पासून लॉटरीच्या उत्पन्नातून होप शिष्यवृत्ती चालते. तिची वरची पायरी, झेल मिलर, पूर्ण ट्युशन भरते. अटलांटाच्या उपनगरांत राहणाऱ्या हुशार मुलांना जॉर्जिया टेक एवढं परवडतं ते यामुळे. अर्थात शुल्क, डॉर्म, जेवण हे तिथेही आपल्याच खिशातून. असा कार्यक्रम नसलेल्या राज्यांतली नामांकित सरकारी विद्यापीठं गुणांवर फारसं काही देत नाहीत, कारण त्यांच्याकडे तसाही मुलांचा पूर असतो.

मार्च-एप्रिलमध्ये विद्यापीठाचं मदतपत्र येतं. ते कसं दिसतं, हे एका काल्पनिक पत्रावरून बघू. वर लिहिलेलं असतं, एकूण खर्च ३०,०००. खाली ‘तुमची मदत’ म्हणून चार ओळी: विद्यापीठाची ग्रँट ३,०००, केंद्र सरकारचं लोन ५,५००, वर्क-स्टडी २,५००, पॅरेंट प्लस १९,०००. बेरीज बरोबर ३०,०००. शेवटी मोठ्या अक्षरात: तुम्हाला भरायचे शून्य. पालक आनंदाने नातेवाइकांना फोन करतात. आता पेन घेऊन बसा. ग्रँट तेवढी खरी. लोन मुलाने व्याजासह फेडायचं आहे. वर्क-स्टडी म्हणजे मुलाने लायब्ररीत काम करून मिळवायची मजुरी. ती महिन्या-दोन महिन्यांनी हातात येणार, ऑगस्टच्या बिलातून वजा होणार नाही. पॅरेंट प्लस हे तर आईवडिलांच्या डोक्यावरचं कर्ज. तेव्हा या घराला वर्ष पडलं २७,००० डॉलरला. अशी पत्रं अपवादाने येत नाहीत: अमेरिकी संसदेसाठी हिशेब तपासणाऱ्या जीएओ या संस्थेने २०२२ च्या अहवालात म्हटलं, की सुमारे ९१ टक्के कॉलेजं आपल्या मदतपत्रात निव्वळ खर्च सांगतच नाहीत किंवा कमी दाखवतात. पत्र यायच्या आधीच अंदाज हवा असेल, तर प्रत्येक कॉलेजच्या वेबसाइटवर ‘नेट प्राइस कॅल्क्युलेटर’ असतो. २०११ पासून तो ठेवणं कायद्याने बंधनकारक आहे. बरीच विद्यापीठं तो दर्शनी पानावर ठेवत नाहीत, शोधावा लागतो.

कर्जाचं गणित छोटं आहे. आईवडिलांवर अवलंबून असलेल्या विद्यार्थ्याला केंद्राचं लोन पहिल्या वर्षी ५,५००, दुसऱ्या वर्षी ६,५००, पुढे वर्षाला ७,५०० डॉलरपर्यंत मिळतं, म्हणजे चार वर्षांत २७,०००. सरासरी बजेट चार वर्षांना गुणलं तर १,१९,६४० डॉलर होतात, तेही फीवाढ न धरता. रुपयांत एक कोटीच्या वर. मुलाचं लोन त्याला पुरत नाही, म्हणून पॅरेंट प्लस. २०२५-२६ साठी त्याचा व्याजदर ८.९४ टक्के आहे, मुलाच्या लोनचा ६.३९ टक्के. आणि १ जुलै २०२६ पासून नव्या कर्जदार पालकांना प्लसमध्ये वर्षाला २०,००० आणि एका मुलामागे एकूण ६५,००० डॉलरची मर्यादा आली आहे. पूर्वी एकूण खर्चातून मदत वजा करून उरेल तेवढं कर्ज उचलता येत असे.

पण माझ्या मते सगळ्यांत महाग गोष्ट कुठल्याच बिलात छापलेली नसते: पाचवं वर्ष. सरकारी विद्यापीठांत पूर्णवेळ शिकायला आलेल्या दहा मुलांपैकी साधारण सहाजण सहा वर्षांच्या आत पदवी घेतात. चार वर्षांत संपवणारे त्याहून कमी. कारण साधं आहे. पदवीला बहुधा १२० क्रेडिट लागतात, म्हणजे आठ सेमिस्टरमध्ये प्रत्येकी १५. मदतीच्या नियमांत मात्र १२ क्रेडिट घेणारा पूर्णवेळ मानला जातो. दर सेमिस्टरला १२ घेतले तर चार वर्षांनी हातात ९६ असतात. मेजर (मुख्य विषय) बदलला, एखादा आवश्यक कोर्स भरून गेला, की आणखी एक सेमिस्टर. त्या वर्षाचे ३० हजार गेले, वर पहिल्या नोकरीचा एका वर्षाचा पगारही गेला. उलट हायस्कूलमध्ये एपी या कॉलेजच्या दर्जाच्या कोर्समधून मिळवलेले क्रेडिट विद्यापीठ स्वीकारत असेल, तर हेच गणित आपल्या बाजूने वळतं. स्वीकारतं की नाही, आणि मेजरमध्ये धरतं की नुसतं ऐच्छिक म्हणून, हे मात्र शाखेनुसार बघावं.

कम्युनिटी कॉलेजकडे, म्हणजे दोन वर्षांच्या स्थानिक सरकारी कॉलेजकडे, आपले लोक नाक मुरडतात. कॅलिफोर्नियात रहिवाशांना तिथे युनिटला (म्हणजे क्रेडिटला) ४६ डॉलर पडतात. वर्षाचे ३० युनिट १,३८० डॉलरला. दोन वर्षं घरी राहून तिथे काढली आणि मग यूसी डेव्हिसला (युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाच्या डेव्हिस कॅम्पसला) ट्रान्सफर घेतली, तर पदवीच्या कागदावर डेव्हिसच लिहिलेलं असतं. भिशीत सांगायला कमी झगमगतं, एवढंच.

राहिला प्रश्न ‘इन-स्टेट’ कोण? बहुतेक राज्यं म्हणतात: सत्र सुरू व्हायच्या आधी किमान वर्षभर तिथे राहणारा, आणि तिथेच राहण्याचा इरादा असलेला. केवळ शिकायला आलेला तिथे वर्षभर राहिला, तरी सहसा रहिवासी होत नाही. अवलंबून असलेल्या मुलाचा रहिवास आईवडिलांवरून ठरतो. म्हणून ‘मावशी टेक्ससला आहे, तिचा पत्ता देऊ’ ही युक्ती चालत नाही. मावशी कायदेशीर पालक नाही. विद्यापीठ कर-विवरण, वाहन परवाना, भाडेकरार मागतं, आणि खोटं सापडलं तर फीच्या फरकापुरतं प्रकरण थांबत नाही. दुसऱ्या बाजूने, एकदा बाहेरचा म्हणून दाखल झालेला विद्यार्थी कायमचा बाहेरचाच, असा नियम राज्याला करता येत नाही. कनेटिकटने तसा केला होता आणि सर्वोच्च न्यायालयाने १९७३ मध्ये तो रद्द केला.

व्हिसावर असलेल्या घरांचं वेगळं सांगायला हवं. एच-१बी (नोकरीचा व्हिसा) आणि एच-४ (त्यांच्या कुटुंबाचा व्हिसा) वर असलेल्यांना अनेक राज्यं रहिवासी मानतात, त्यामुळे मुलाला इन-स्टेट ट्युशन मिळू शकते. फाफ्साची मदत मात्र एच-४ वाल्या मुलाला मिळत नाही; पेल नाही, केंद्राचं लोनही नाही. ग्रीनकार्ड असेल तर मिळते. धाकटी बहीण इथे जन्मलेली असेल तर ती नागरिक, तिला फाफ्सा भरता येतो. आईवडील एच-१बी वर असले तरी चालतं, फक्त त्यांना पॅरेंट प्लस घेता येत नाही. म्हणजे एकाच घरात, एकाच विद्यापीठात, दोन भावंडांचे दोन हिशेब. त्यातून थोरल्याला २१ वर्षं पूर्ण झाली की तो एच-४ वरून बाहेर पडतो आणि बहुधा एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर जातो. बऱ्याच ठिकाणी एफ-१ वाल्याला रहिवासी धरत नाहीत, आणि हे ऐन तिसऱ्या-चौथ्या वर्षात घडतं. ग्रीनकार्डच्या रांगेत असलेल्या घरांनी प्रवेश घेण्याआधीच विद्यापीठाच्या रेसिडेन्सी ऑफिसला ईमेल करून विचारावं, आणि उत्तर लेखी ठेवावं.

पुण्या-नागपुराहून थेट एफ-१ वर जाणाऱ्यांना इन-स्टेट दर सहसा लागू नाही, मात्र एमएस-पीएचडीला दोन वाटा असतात. टीचिंग किंवा रिसर्च असिस्टंटशिप मिळाली तर ट्युशन पूर्ण किंवा बरीचशी माफ होते. आणि टेक्ससच्या सरकारी विद्यापीठांत किमान १,००० डॉलरची स्पर्धात्मक शिष्यवृत्ती मिळालेल्या बाहेरच्या विद्यार्थ्याला इन-स्टेट दराने फी लावता येते. हजार डॉलरचं ते पत्र त्यामुळे प्रत्यक्षात कितीतरी मोठ्या रकमेचं ठरतं. ते एकाच वर्षापुरतं आहे की पुढे चालू राहणार, आणि किती जीपीए राखावा लागेल, एवढं पत्र हाती आल्या आल्या विचारून घ्यावं.